आवतन दिलं, आता खांदा दाखवा

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे विदर्भात बैलाच्या कानाशी वाकून म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर ज्याच्या आई-बहिणीचा उद्धार करत तास काढले, त्याला त्या सांजेपुरतं अहोजाहो. मला हा प्रकार फार आवडतो. आवतन म्हणजे शब्द दिला. घरी बोलावलेल्या माणसाला आपण पाणी देतो, पचेल ते वाढतो, दमून आला असेल तर म्हणतो, पडा जरा. बैलाला मात्र आवतन देऊन झालं की आपण आपल्या हौसेला लागतो.

33 वर्षं मी वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नव्हे, पण लोक 'ढोराचे डॉक्टर' म्हणायचे आणि मीही फार विरोध केला नाही. माझ्या रजिस्टरात पोळ्यानंतरचे दोन दिवस कायम गर्दीचे. पोट धरलं, रवंथ बंद, डोळ्यात रंग गेला, शिंग सालताना रक्त आलं. म्हणजे जेवायला बोलावलेला पाहुणा जेवून आजारी. निवृत्त झाल्यावर गावातली पोरं विचारतात, काका, पोळ्याचं नीट कसं करायचं ते सांगा. ज्यांच्या दारात अजून जोडी आहे त्यांच्यासाठी आणि पोळ्याला पुण्या-नागपुराहून गावी येऊन बैलासोबत फोटो काढणाऱ्यांसाठीही, हे घ्या.

सुरुवात आठ दिवस आधी, खांद्यापासून

पोळा येतो तो डवरणी, म्हणजे कोळपणी, आटोपल्यावर. कपाशी-सोयाबीनच्या ओळींतून दीड-दोन महिने डवरे फिरलेले असतात, पाऊस चालू असतो, कातडं ओलं आणि जू ओलं. खांद्याचे हाल नेमके याच दिवसांत होतात. म्हणून झूल, बाशिंग, गोंडे घ्यायला बाजारात जाण्याआधी बैलाजवळ जा.

त्याच्या डाव्या बाजूला उभे राहा. बोटं टेकवू नका, पूर्ण तळवा ठेवा. मानेच्या वरून, जू बसतं त्या जागेवरून, केसांच्या उलट दिशेने हळूहळू हात न्या. तीन गोष्टी शोधायच्या: ऊब, गाठ आणि बैलाचं अंग चोरणं. निरोगी खांद्याचं कातडं जाड असतं पण बाजूच्या अंगाइतकंच गरम लागतं. हात पोचताच तिथलं कातडं थरथरलं किंवा बैलाने मान खाली घेतली, तर तिथे दुखतंय. मग दुसऱ्या बैलाचं बघा. जोडीतला एक उंच, एक ठेंगणा असेल तर जू तिरपं बसतं आणि घासायचं काम बहुतेक एकाच्याच वाट्याला येतं.

सूज कालपरवाची असेल, गरम असेल, तर थंड पाण्याच्या पट्ट्या. जुनी, थंड, कडक गाठ असेल तर कोमट पाण्याचा शेक. हे उलट केलं की सूज वाढते, आणि निम्मे लोक उलट करतात. फुटलेल्या खांद्यावर जळकं ऑइल लावू नका, बॅटरीतली भुकटी तर मुळीच नाही. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, माशी बसू देऊ नका, दवाखान्यातून मलम आणा आणि खांदा भरेपर्यंत जू ठेवू नका. शेवटचं वाक्य सगळ्यात स्वस्त आहे आणि तेच कोणी ऐकत नाही.

मग जू तपासा. त्यावर हात फिरवला की तुमच्या हाताला जे टोचेल ते बैलाला दिवसभर टोचत असतं. गाठी रंध्याने काढा, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करा, गोणपाट गुंडाळायचं तर ते कोरडं असू द्या.

आदल्या दिवशीची खांदशेकणी ही या सगळ्याची परंपरेतली जागा. गरम पाण्याने खांदा धुवायचा, हळद आणि लोणी किंवा तूप चोळायचं. ज्या कोणी ही रीत घातली त्याला बैलाचं शरीर कळत होतं. आज मात्र बोटभर तूप लावून, टिळा टेकवून, मोबाइलमध्ये फोटो काढून लोक मोकळे होतात. माझे बाबा एकेका खांद्याला विडी संपेपर्यंत चोळायचे. एक विडी, एक खांदा. तुम्ही विडी ओढू नका, पण वेळ तेवढा द्या. चोळताना बैल डोळे अर्धे मिटतो, खालचा ओठ सैल सोडतो. तसं झालं की समजा, पोचलं.

सुट्टी म्हणजे पूर्ण सुट्टी

पोळ्याच्या दिवशी खांद्यावर जू ठेवायचं नाही, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. तरी सकाळी "एवढी एक खेप" म्हणून बंडी जुंपणारे मी पाहिलेत. खेप कसली, तर डेकोरेशनचं सामान.

यवतमाळकडे असताना एका मिशनच्या दवाखान्यात भिंतीवर कॅलेंडर होतं, महिन्याला बायबलमधलं एक वचन. एका महिन्याचं वचन असं होतं की मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं घालू नये. मी तिथल्या सिस्टरबाईंना म्हटलं, हे तर आमच्या कामाचं आहे. त्यांनी आणखी एक दाखवलं: सातव्या दिवशी काम बंद ठेव, म्हणजे तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळेल. मालकाच्या आधी बैलाचं नाव. त्यांच्याकडे ही सुट्टी आठवड्याला आहे, आपल्याकडे वर्षाला एकदा, आणि त्यातही आपण खेप घालतो.

मुसक्याबद्दल: डवरणीत पीक वाचवायला ते लागतं, मी नाही म्हणत नाही. पण विणलेलं, सैल असावं. बैल तापला की तोंड उघडून धापा टाकतो. घट्ट मुसक्यात ते जमत नाही. ओळीच्या टोकाला सावलीत थांबलात की आधी मुसकं काढा, मग स्वतःची पाण्याची बाटली.

सम्राट अशोकाच्या स्तंभलेखांत एक आज्ञा आहे: तिष्य आणि पुनर्वसू या नक्षत्रांच्या दिवशी आणि ठरावीक तिथींना बैलांचं खच्चीकरण करू नये, घोडे-बैलांना डाग देऊ नयेत. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा राजा बैल खच्ची करण्याला तारखा घालून देतो. आणि हे फक्त दिल्लीकडचं समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यात देवटेकला एक शिळा सापडली, प्राकृत भाषा, ब्राह्मी अक्षरं. प्राणी पकडायला आणि मारायला मनाई करणारा हुकूम तिच्यावर आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात ती आहे. ट्रेनिंगला गेलो तेव्हा रविवारी सगळे सिनेमाला गेले आणि मी तिच्यासमोर उभा होतो. वाचता काहीच आलं नाही, पण आपल्या भागात कोणीतरी हे दगडावर कोरून ठेवलं होतं याचं बरं वाटलं.

आजचे हुकूम कागदावर आहेत. ओढकाम करणाऱ्या जनावरांचे 1965 चे नियम सांगतात की दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, विसाव्याशिवाय सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो आणि वखरणी तेव्हाच असते. म्हणून पहाटे साडेचारला सुरू करा, मध्ये विसावा द्या, दहाला सोडा. याच नियमांत अणकुचीदार काठीला बंदी आहे. म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, तुतारीच्या, टोकाचा तो खिळा बेकायदा आहे. पक्कड घ्या, काढून टाका. पोळ्याचा दिवस त्याला चांगला.

रंग आणि शिंगं

शिंगं साळू नका. वरचं आवरण पातळ होतं, तडकतं, आत रक्ताची जागा असते. बैलांना शिंगाचा कर्करोग होतो हे अनेकांना माहीतच नसतं. मधल्या वयाचा, लांब शिंगांचा, खच्ची केलेला बैल सारखी मान झटकत असेल, एकच शिंग खुंट्यावर घासत असेल, शिंग एका बाजूला कलायला लागलं असेल किंवा एका नाकपुडीतून रक्त येत असेल, तर बेगड लावून झाकू नका. सुरुवातीला आलात तर शिंग काढून बैल वाचतो.

हिंगूळ हे मुळात पाऱ्याचं खनिज. ऑइलपेंटबद्दल तर बोलायलाच नको. बैल एकमेकांना चाटतात, हे रंगवणारा विसरतो. गेरू, हळद, चुना पुरे आहेत. पाठीवर मुलाचं नाव आणि पक्षाचं चिन्ह काढायची काही गरज नाही. डोळ्यांपासून वीतभर लांब राहा.

झूल, मठाटी, घुंगरमाळा घाला, शोभा असते. मिरवणूक संपली की लगेच उतरवा. रात्रभर तसाच सजवलेला बैल नीट बसत नाही आणि न बसलेला बैल नीट रवंथ करत नाही.

जेवण: इथे सावकाश वाचा

मी सातवीत होतो. आमच्या जोडीत चांद्या होता, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. पोळा फुटल्यावर बैल घरोघरी नेतात, प्रत्येक दारात पूजा आणि पुरणपोळी, गड्याला बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे. गावात तेव्हा चाळीसेक घरं. चांद्या सगळीकडे गेला, सगळीकडे खाल्लं. घरी आणल्यावर मला वाटलं आपल्या घरचं कमी पडायला नको. परातीत उरलेलं पुरण आणि वर भिजवलेले गहू मी त्याच्यापुढे ठेवले. त्याने परात चाटून पुसून दिली आणि मला फार अभिमान वाटला.

रात्री तो बसून होता आणि दात खात होता. सकाळी रवंथ नाही. शेण पातळ, पिवळसर, आंबलेल्या ताकासारखा वास. दुपारी उठवलं तर पाय टेकवताना लंगडला. तिसऱ्या दिवशी मान वळवून पोटाशी घेतली आणि गेला. बाबा मला ओरडले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "भूक होती म्हून नाही खाल्लं त्यानं. तू देल्लं म्हून खाल्लं." पुढच्या पोळ्याला खांदशेकणी त्यांनी माझ्याकडे दिली.

नोकरीत आल्यावर कळलं की त्याला काय झालं होतं. बैलाच्या पोटात मोठी पिशवी असते, तिच्यातले सूक्ष्म जीव कडबा-कुटार सावकाश आंबवतात. अचानक गूळ, पीठ, शिजलेली डाळ, भात भरपूर गेलं की दुसऱ्याच जातीचे जीव माजतात आणि आम्ल तयार होतं. पोट आंबतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, आम्ल रक्तात जातं, खुरांपर्यंत त्रास पोचतो. चांद्याचं लंगडणं तेच होतं. प्रेमाने भरवलेलं आणि विष म्हणून घातलेलं, पोटाला फरक कळत नाही.

म्हणून असं करा. सकाळी नेहमीची वैरण, पाणी पोटभर द्या. उपाशी बैल मिरवणुकीला नेऊ नका. घरच्या पूजेला एक पुरणपोळी, चतकोर-चतकोर करून, कुटारात मिसळून. दुसऱ्या दारांत पोळी बैलाच्या तोंडाला लावा आणि टोपलीत टाका. आयाबाया नाराज होतात. त्यांना सांगा की ताटात मूठभर हिरवी कडवळ ठेवा, मान तोच. टोपलीतल्या पोळ्या गड्याच्या घरी जाऊ द्या, त्यालाही वर्षभर राबवलंय. तांदूळ ओवाळून टाकायचे तर पाच दाणे. 2020 साली कोरोनामुळे पोळा भरला नाही, लोकांनी घरच्या घरी बैल पुजले. त्या वर्षी मला पोट धरल्याचा एकही फोन आला नाही.

रात्री झोपण्याआधी एक तपासणी. बैलाच्या डाव्या बाजूला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये खळगा असतो, त्याला भकाळी म्हणतात. तिथे मूठ दाबून धरा आणि घड्याळ बघा. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा आतून मूठ बाहेर ढकलली जायला हवी. ढकलत असेल तर निजा. काहीच हालचाल नसेल, भकाळी ढोलासारखी फुगली असेल किंवा दाबल्यावर पाण्यासारखं डचमळत असेल, तर तेव्हाच डॉक्टरला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. खायचा सोडा देतात हे खरं, पण किती द्यायचा ते वजनावर ठरतं, आणि जबडा वर धरून बाटली ओतलीत तर औषध फुप्फुसात जाऊन बैल दगावतो. तो प्रकारही मी पाहिलाय.

तोरणाखाली

डीजे नको, फटाके नको. यावर जास्त लिहीत नाही, कारण ज्यांना कळतं त्यांना कळतं. बैल माणसापेक्षा जास्त ऐकतो. डफडं पुरे.

शंकरपटाचं विचाराल तर: सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये राज्यात अटींवर सुरू झाल्या आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. म्हणजे आता कायद्याने पळवता येतात. मला विचारलं तर पळणारा बैल मलाही बघायला आवडतो. शेपटी चावणारा माणूस बघायला आवडत नाही. पटावर गेलात तर बैलाकडे नंतर बघा, आधी हाकणाऱ्याच्या हातांकडे बघा.

गाय-बैलाच्या थोरवीवरून पारावर दरवर्षी भांडण होतं. आमचा एक शेजारी सावरकरांचा दाखला देतो, गाय हा उपयुक्त पशू, देव नव्हे. दुसरा विनोबांचा, पवनार इथून जवळच, आणि गोवंशहत्या थांबावी म्हणून त्यांनी 1979 मध्ये केलेलं उपोषण त्याच्या वडिलांनी पाहिलेलं. तिसरा माळकरी, तो ज्ञानोबांच्या रेड्यापासून सुरू होतो आणि गाढवाला कावडीतलं पाणी पाजणाऱ्या एकनाथांवर येतो. आमच्याकडे महानुभावही आहेत. चक्रधरस्वामींच्या मांडीखाली आसऱ्याला आलेल्या सशाची गोष्ट ते सांगतात: शिकारी मागत राहिले आणि स्वामींनी दिला नाही. मी सगळं ऐकून घेतो. मग म्हणतो, चला, तुमच्या कोठ्यात जाऊ, बैलाचा खांदा दाखवा. तिथे वाद लवकर संपतो. सगळ्यात थोर बोलणाऱ्याच्या बैलाचा खांदा एकदा दोन बोटं फुटलेला निघाला होता. उपयुक्त पशूवाल्याचे बैल गावात सगळ्यात तुकतुकीत आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

म्हातारा बैल

पोळ्याला सगळे जवान बैल तोरणाखाली असतात. ज्याचे दात झिजलेत तो कुठे असतो, हे विचारल्याशिवाय ही माहिती पुरी होत नाही.

पूर्वी तो बाजारात जायचा आणि पुढचं कोणी विचारत नव्हतं. 1976 च्या कायद्यात गाईची कत्तल बंद होती. 2015 पासून राज्यात बैल आणि वळूचीही बंद झाली, शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड. कायदा बरोबर की चूक यावर माझं मत दर उन्हाळ्यात बदलतं. एवढं नक्की की बाजारात म्हाताऱ्या बैलाची किंमत गेली आणि काही लोक रात्री दावं सोडून बैल चार गावं पलीकडे हाकलून द्यायला लागले. तो पहाटे कोणाच्या तरी तुरीत शिरतो आणि काठ्या खातो. मालक सकाळी आंघोळ करून देवळात जातो. जनावर असं वाऱ्यावर सोडणं हाही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे, पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपये. एका पुरणपोळीच्या ताटाला जास्त पडतात.

तालुक्याच्या गुरांच्या बाजारात एक मुसलमान व्यापारी होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. दाताला बोट लावून वय सांगायचे, माझ्यापेक्षा अचूक. एकदा एकाने पोट पाठीला लागलेला बैल आणला. चाचांनी बैलाला हातही लावला नाही, मालकाला बसवलं आणि सांगितलं की आमच्या पैगंबरांनी असाच एक उंट पाहिला होता, आणि म्हणाले होते की या मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाला भिऊन वागा. मग मला म्हणाले, कुर्बानीच्या जनावरापुढे सुरीला धारसुद्धा लावायची नाही असं सांगितलंय, एकदाच मरायचं त्याला दोनदा का मारता? लंगडं, आजारी, आंधळं जनावर कुर्बानीला चालत नाही हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी माळकरी घरातला, मटण न खाणारा. तरी त्या दिवशी बाजारात बैलाच्या बाजूने बोललेला माणूस तेच होते.

आता तुमच्याकडे म्हातारा बैल असेल तर काय करायचं?

ठेवता आला तर ठेवा. त्याला जवानाइतकं लागत नाही. दाढा झिजलेल्या असतात म्हणून कडब्याची कुट्टी करून द्या, ढेप भिजवून द्या, पाणी गव्हाणीजवळ ठेवा, कोठ्यात फरशी असेल तर खाली पोतं टाका, घसरून पडलेला म्हातारा बैल उठत नाही. "हलकं काम" म्हणून वखराला जुंपू नका. वयाने थकलेल्या जनावराला कामाला लावणंही त्याच 1960 च्या कायद्यात बसत नाही.

ठेवता येत नसेल, आणि दोन एकरवाल्याला खरंच येत नाही, त्यात लाज नाही, तर गोरक्षणात द्या. गाडगेबाबा जत्रेतल्या बोकडबळीविरुद्ध कीर्तनात तासन् तास बोलायचे, पण त्यांनी मूर्तिजापूरला गोरक्षणही उभं केलं. नुसतं नको म्हणून भागत नाही, जागा द्यावी लागते. मात्र गोरक्षण निवडताना पावती आणि फलक बघू नका. न सांगता जा, दुपारी दोनला जा. हौदात पाणी आहे का, सावली सगळ्यांना पुरते का, बसलेली जनावरं किती आणि त्यांच्या अंगावर कोपराला जखमा आहेत का, डॉक्टर शेवटचा कधी आला, मेलेल्या जनावरांची नोंद ठेवतात का. नोंद दाखवत नसतील तर बैल परत आणा. आणि एकदा 500 देऊन हात झटकू नका. दर पोळ्याला तिथे जा, वर्षाचे पैसे द्या, खांद्यावर हात फिरवून या.

शेवटचं, सगळ्यात अवघड. एकदा एक बैल विहिरीत पडला, क्रेनने काढला, मागची मांडी मोडलेली. उठणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की इंजेक्शन देऊन सोडवू. मालक म्हणाला पाप लागेल, माझ्या दारात नको. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेले आणि मी गप्प बसलो. चार दिवस तो बैल जिवंत होता आणि कावळे जखमेवर बसत होते. 1928 साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असंच तळमळत होतं, आणि गांधींनी डॉक्टरला बोलावून त्याला विष टोचायला लावलं. देशभरातून त्यांना शिव्या देणारी पत्रं आली. मला ही गोष्ट त्या बैलाच्या वेळी माहीत होती. तरी मी मालकापुढे बोललो नाही. तुम्ही बोला. निर्णय पशुवैद्यकाचा असू द्या, कागदही त्यांच्या सहीचा, पण निर्णय व्हावा म्हणून घरातल्या कोणीतरी तोंड उघडायला हवं.

मेल्यावर ओढ्यात टाकू नका. पाण्यापासून लांब, सहा-सात फूट खोल खड्डा, मीठ आणि चुना, वर काट्या, म्हणजे कुत्री उकरत नाहीत.

आमचा लाल्या अशाच खड्ड्यात आहे, बांधावरच्या पळसाखाली. कामातून सोडल्यावर चार वर्षं जगला. त्या चार वर्षांत खांद्यावर एकदाही जू चढलं नाही, तरी तिथले केस परत उगवले नाहीत. तळहाताएवढी गुळगुळीत काळी जागा तशीच राहिली. तोरणाला आम्ही त्याला नेत नव्हतो, गर्दी झेपली नसती. पण आदल्या सांजेला बायको गरम पाण्याची कासंडी घेऊन कोठ्यात जायची, आधी त्याच्याकडे. मी म्हणायचो, अगं, याच्या खांद्याला आता काय झालंय? ती चोळत राहायची आणि तो ओठ सैल सोडायचा.